फक्त बोटीनेच पोचता येतं अशा जागा : भूमध्य समुद्रावरचे तुमचे अनुभव सांगा

सुकती (वेंगुर्ले, सध्या श्टुटगार्ट)

सप्टेंबरात आई-बाबांना घेऊन तुर्कस्तानात जायचं ठरलंय. काशला मुक्काम, तिथून केकोवा. दोघंही वेंगुर्ल्याची. जन्म समुद्राच्या आवाजात गेला, पण गुडघ्याच्या वर पाणी कधी लागू दिलं नाही. आमच्याकडे समुद्र असतो तो संध्याकाळी बघायला, मासळी आणायला आणि गणपती पोचवायला. पोहायचं ते विहिरीत.

सहा वर्षांपूर्वी मी एकटीच केकोवाला गेले होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात भूकंप झाले आणि तिथल्या प्राचीन लिशियन लोकांच्या वस्तीचा एक काठ पाण्यात गेला. बोट त्याच्या कडेकडेने हळू जाते. खडकात कोरलेला जिना वरून निघतो, चार पायऱ्या कोरड्या, पाचवी ओली, पुढच्या पाण्याखाली हिरव्या होत जातात आणि दिसेनाशा होतात. तिथे पोहायला बंदी, नांगर टाकायला बंदी. समोरच्या कालेकॉय गावात मोटारीचा रस्ता नाही. बोटीने या नाहीतर डोंगरातून चालत. गावापुढे गुडघाभर पाण्यात एक दगडी शवपेटी उभी आहे, झाकणासकट. पोरं तिला धरून पोहत होती.

त्या दिवसापासून डोक्यात आहे की अशा जागांवर एक धागा हवा. चारचाकीने पोचता येत नाही, बोटच लागते, अशा भूमध्य किनाऱ्यावरच्या जागा. ग्रीस, इटली, स्पेन, क्रोएशिया, काहीही चालेल. बोट कसली होती, वारा कसा होता, पोटात काय होतं आणि उतरल्यावर तिथे खरंच कोणी नव्हतं का, ते लिहा. फसलेले अनुभव आधी लिहिलेत तर जास्त आवडेल. ‘नयनरम्य’ आणि ‘स्वर्गीय’ हे शब्द वापरणाऱ्याला पाव किलो चकली दंड.

झिरा (सांगोला, सध्या पुणे)

मी माणदेशातला. समुद्र पहिल्यांदा पाहिला एकोणिसाव्या वर्षी, अलिबागला, तोही ओहोटीचा. म्हणजे चिखल पाहिला.

तीन वर्षांपूर्वी कामानिमित्त ग्रीसच्या क्रीट बेटावर, हान्याला गेलो. बायकोही आली होती. काम संपल्यावर चार दिवस दक्षिण किनाऱ्यावर लूट्रो नावाच्या गावात राहिलो. या गावालाही रस्ता नाही. पांढरी घरं, निळी दारं आणि पाठीमागे अंगावर येणारा डोंगर. तिथून छोटी बोट ‘ग्लिका नेरा’ नावाच्या किनाऱ्यावर सोडते. ग्लिका नेरा म्हणजे शब्दशः गोडं पाणी. मला वाटलं, काव्यात्मक नाव असेल.

सकाळी उतरलो. उभ्या कड्याखाली राखाडी गोट्यांचा पट्टा, वाळू जवळपास नाहीच. वीसेक माणसं. एक म्हातारी पाण्यापासून सात-आठ हात आत फतकल मारून बसली होती आणि दोन्ही हातांनी गोटे बाजूला सारत होती. खड्ड्यात पाणी साचलं. तिने बाटली आडवी धरून भरली आणि प्यायली.

मला जे झालं ते इथल्या दुष्काळी भागातल्यांना सांगायला नको. आमची माण नदी वर्षातले बरेच महिने नुसती वाळू असते. वाळूत हात-दीड हात उकरलं की खाली झिरा लागतो. आई करवंटीने ते पाणी एकेक करून घागरीत भरायची, आणि वरचं गढूळ आधी उपसून टाकायची. मी तिथेच गुडघ्यावर बसलो. पहिला खड्डा मचूळ लागला. आईची आठवण ठेवून तीन हात कड्याकडे सरकलो, पुन्हा उकरलं, पहिलं पाणी उपसलं, थांबलो. दुसरं आलं ते दात शिवशिवतील इतकं गार आणि गोड. माझ्या पाठीशी खारट समुद्र, दहा पावलांवर. वरच्या पांढऱ्या पर्वतातलं बर्फ-पाऊस चुनखडीतून झिरपत येतं आणि इथे गोट्यांखालून समुद्राला मिळतं, असा तो प्रकार आहे. बायको म्हणाली, “समुद्रावर येऊनसुद्धा शेवटी झिराच काढलास.”

आता फसलेलं. परतीची बोट पाचची. तीनला वारा सुटला. समुद्राकडून नाही, डोंगरावरून खाली! अशी एकेक झोत यायची की पाण्यावर पांढरी पावडर उडावी. टॉवेल, टोपी, कुणाची तरी छत्री सगळं आफ्रिकेच्या दिशेने गेलं. पाच वाजले, साडेपाच झाले, बोट नाही. कुणीतरी फोन लावला. आज येणार नाही. मग चालत. कड्याच्या अंगावरून पायवाट आहे, तासाभराची, पण आमच्या पायात रबरी चपला. मी घाबरलो होतो, कबूल करतो. बायको दोन्ही बाटल्या भरून पुढे निघाली. “पाणी आहे ना? मग चल.”

लूट्रोला पोचलो तेव्हा सकाळचा बोटवाला धक्क्यावर बसला होता. त्याने आमच्या चपलांकडे पाहिलं, मान हलवली आणि आमचे परतीचे पैसे दिले. मी मागितलेही नव्हते.

आलेपाक (ठाणे)

क्रीटच्याच वायव्य टोकाला, किसामोसहून मोठी बोट ग्राम्वुसा आणि बालोसला जाते. मोठी बोट म्हणजे लागणार नाही हा गैरसमज माझ्याकडून काढून टाका. जाताना मागच्या डेकवर, क्षितिजाकडे नजर लावून आलेपाक चघळत बसले, ठीक. येताना ऊन लागतं म्हणून आत, काचेमागे बसले. बाकी लिहीत नाही. शेजारच्या पोलिश बाईंनी पिशवी धरली होती, त्यांचं भलं होवो.

ग्राम्वुसाच्या किल्ल्यावर मात्र चढा. व्हेनिसवाल्यांनी सोळाव्या शतकात बांधलेला, समुद्रसपाटीपासून 137 मीटर. सिंधुदुर्ग-विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाला तिथे उगाचच घरचं वाटतं. टाकी, तटबंदी, वाढलेलं गवत आणि वर दम लागलेले पर्यटक.

तांडेल (मालवण, जहाजावर)

मी मर्चंट नेव्हीत इंजिनरूमला. बारा वर्षांत भूमध्य समुद्र किती वेळा ओलांडला ते मोजलं नाही. पण सुट्टीत बायको-मुलीबरोबर तुर्कस्तानात गुलेतवर चार दिवस राहिलो तेव्हा पहिल्यांदा वर बसून समुद्र पाहिला. गुलेत म्हणजे लाकडी, दोन डोलकाठ्यांची, पोटाला रुंद बोट. आमच्या जुन्या मचव्याची श्रीमंत मावशी म्हणा.

कोकणातल्या माणसाला तिथे पहिल्या संध्याकाळी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. मला रात्री लक्षात आलं. भरती-ओहोटी नाही! म्हणजे आहे, पण वीतभर, फार तर हातभर. मुंबईला उधाणाला पाणी साडेचार मीटर चढतं. तिथे जिब्राल्टरची सामुद्रधुनी अरुंद जागी जेमतेम 14 किलोमीटर रुंद, महासागराची भरती त्या फटीतून आत शिरेपर्यंत उतरायची वेळ होते. म्हणून तिथले बोटवाले जे करतात ते आमच्याकडे केलं तर बोट खडकावर लटकेल. पुढे खोल पाण्यात नांगर टाकतात, बोट उलटी घेत किनाऱ्याला पाठ करतात आणि खलाशी पोहत जाऊन मागचा दोर सरळ एखाद्या पाइनच्या झाडाला किंवा खडकाला बांधतो. रात्रभर दोर ना सैल पडतो ना ताणतो. माझी झोप उडाली. दर दोन तासांनी उठून दोर बघत होतो. कप्तानाने सकाळी चहा देताना विचारलं, पोट बिघडलंय का.

पाणी आपल्यापेक्षा खारट, लिटरला 38 ग्रॅमच्या आसपास मीठ; महासागरात सरासरी 35. ऊन जास्त, नद्या कमी, पाणी उडून जातं, मीठ राहतं. तरंगायला सोपं जातं, पण डोळ्यांत गेलं की कळतं.

किनाऱ्यावर तपकिरी पातींचे ढीग दिसले तर “शी, किती घाण” म्हणू नका. ते पोसिडोनिया. शेवाळ नाही, फुलं येणारी वनस्पती आहे, समुद्राच्या तळाशी कुरणं असतात तिची. तीच वाळू धरून ठेवते. पाणी इतकं नितळ दिसतं त्यातही तिचा वाटा आहे. नांगराने ती मुळासकट उपटते, आणि पुन्हा वाढायला पिढ्या जातात. मायोर्का-इबिसाकडे 2018 पासून तिच्यावर नांगर टाकायला बंदी आहे. बोटवाला वाळूचा फिकट तुकडा शोधत गोल गोल फिरत असेल तर तो रस्ता चुकलेला नाही.

आणि एकच सल्ला, आमच्या आजोबांचा, तिथेही लागू: वारो इलो तर गप रवाचा, बोटवाल्याशी भांडाचा नाय. ग्रीस-तुर्कस्तानात जुलै-ऑगस्टात मेल्टेमी, फ्रान्सला मिस्त्राल, क्रोएशियात बुरा. आकाश निळंभोर असतं आणि बोट बंद असते. आपल्याकडे वादळ दिसतं तरी.

सुकती

तांडेल, दोराचं वाचून बाबा म्हणाले, “शक्य नाही.” भरतीशिवाय समुद्र हे त्यांना पटत नाहीये.

दोन पोरांची आई (तोरिनो)

सार्डिनिया, ओरोसेईचं आखात. काला गोनोनेहून बोट निघते आणि कड्यांच्या खाली लपलेल्या किनाऱ्यांवर एकेक करून थांबते. किनाऱ्याला भिडली की पुढून फळी टाकतात, त्या फळीवरून उतरायचं. फळी हलत असते आणि मागे चाळीस माणसं असतात. एका हातात धाकटी, दुसऱ्या हातात दशम्यांचा डबा. कुठलं सौंदर्य नि काय.

पण काला मारिओलूला उतरल्यावर थोरला गप्प झाला, हे वर्षातून दोनदाच होतं. तिथे वाळू नाही, गोल गुळगुळीत खडे. पांढरे, थोडे गुलाबी. साबुदाण्यापासून सुपारीएवढे. मारिओलू म्हणजे चोर. पूर्वी तिथे मंक सील असायचे, ते मच्छीमारांच्या जाळ्यातले मासे पळवायचे, म्हणून हे नाव. थोरल्याला ही गोष्ट फार आवडली. इतकी, की तो दिवसभर चोर झाला.

परतताना बोटवाल्याने फळीच्या तोंडाशी उभं राहून सगळ्या मुलांना हसत हसत खिसे उलटे करायला लावले. सार्डिनियात 2017 च्या कायद्याने वाळू-खडे-शिंपले नेल्यास 500 ते 3000 युरो दंड आहे. आमच्याने उजव्या खिशातून नऊ, डाव्यातून अकरा, टोपीतून चार काढले. एकेक खडा पाण्यात टाकताना त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. बोटवाल्याने त्याला सुकाणूजवळ बसवलं, हॉर्न वाजवू दिला, प्रकरण मिटलं.

घरी आल्यावर धुवायच्या मशीनमधून खडखड आवाज. मोज्यात एक होता.

तो आता देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी आहे. सासूबाई म्हणतात, चोरीचा आहे म्हणूनच तिथे शोभतो. मला झोप लागत नाही. काय करू?

पायलीचे पन्नास (नाशिक)

पोस्टाने परत पाठवा. खरंच लोक पाठवतात, बाटल्या भरभरून वाळू, सोबत माफीची चिठ्ठी.

त्याच बेटाच्या उत्तरेला बुदेल्ली आहे, गुलाबी वाळूचं. लाल कवचाच्या सूक्ष्म जिवांचा चुरा मिसळून तो रंग येतो. लोकांनी मुठी मुठी इतका नेला की 1990 च्या दशकात तिथे पाय ठेवायलाच बंदी आली. आता बोट लांब थांबते आणि तुम्ही मान लांब करता. माउरो मोरांदी नावाचा माणूस 1989 पासून 2021 पर्यंत तिथे एकटा राखण करत राहिला. आम्ही 2018 ला गेलो तेव्हा तो तिथे असणार, पण आम्हाला काठावर फक्त एक झोपडीवजा छप्पर दिसलं.

आणि आता माझा खरा अनुभव. ग्रीसमध्ये मराथी नावाचं बेट आहे. थट्टा नाही. डोडेकानीझ बेटांत, पात्मोसच्या जवळ, आर्की नावाच्या बेटाला खेटून. नकाशा चाळताना हे नाव दिसलं आणि बायकोला म्हटलं, हनिमूनला काश्मीरला नेलं नाही ते नेलं नाही, पंचविसाव्या वाढदिवसाला मराठीत नेतो.

पात्मोसला दोन दिवस वाऱ्याने बोट निघेना. तिसऱ्या दिवशी सकाळी निघाली. बोटीवर आम्ही दोघं, एक फ्रेंच कुटुंब, पावाची पोती आणि गॅसचं सिलिंडर. बेटावर एक वाळूचा किनारा, दोन-तीन टॅव्हर्ना म्हणजे खानावळी, बकऱ्या आणि मागे वाळकी टेकडी. बस्स. मालकाला सांगायचा फार प्रयत्न केला की आम्ही मराठी. तो म्हणाला, नाही, तुम्ही इंडिया. मी म्हटलं, हो, पण मराठी. तो म्हणाला, मराठी हे. आणि पायाखालच्या जमिनीकडे बोट दाखवलं. बायको हसून हसून बाकावर आडवी.

मग तो आत गेला आणि हिरवी, सुवासिक, झिपऱ्यांसारखी काडी घेऊन आला. माराथो. चावून बघितली तर बडीशेप! ग्रीकमध्ये बडीशेपेला माराथो म्हणतात, त्यावरून बेटाचं नाव. मॅरेथॉन शर्यतीचं ते गावही बडीशेपेवरूनच. म्हणजे आपली नि त्यांची काही सोयरीक नाही. तरी जेवण झाल्यावर बायकोने पर्समधली भाजकी बडीशेप काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने वास घेतला, तोंडात टाकली, आणि मग बिलात एक कॉफी कमी लावली. घरच्या जेवणानंतर बडीशेप खाताना आम्ही अजून “मराथी” मागतो.

भेंडीची टोमॅटोतली भाजी मिळते तिथे, बाम्येस म्हणून. शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवा.

माल्टाकर (मूळ इचलकरंजी)

मी इथे नर्स आहे, पाच वर्षं झाली. पाहुणे आले की सगळ्यांना माल्टाजवळच्या कोमिनो बेटाचं ब्लू लगून हवं असतं. फोटोत रिकामं दिसतं ना! जुलैत या आणि बघा. जत्रेत बरी जागा मिळते. बोटीवर बोट, प्रत्येकीवर वेगळं गाणं, अननसात भरून दारू. 2025 पासून आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते आणि हातात पट्टा बांधतात, तेव्हापासून जरा श्वास घेता येतो म्हणे. मी जात नाही.

मी जाते मार्चमध्ये, सुट्टीच्या दिवशी, साडेनऊच्या बोटीने. पाणी थंड, पोहायचं नाही. डबा घेऊन बुरुजापर्यंत चालते. रानफुलं असतात. एकदा पूर्ण दोन तास कोणी दिसलं नाही, तेव्हा मोठ्याने आईला फोन लावून भांडून घेतलं.

भोपळा बांधून (वाई, सध्या डोंबिवली)

आम्ही चार मैत्रिणी, वय बावन्न ते साठ. क्रोएशियातलं व्हिस बेट. हे युगोस्लाव्ह लष्कराचं ठाणं होतं, 1989 पर्यंत परदेशी माणसाला बंदी, म्हणून फार हॉटेलं उगवली नाहीत. तिथल्या स्टिनिवा नावाच्या जागी दोन कडे एकमेकांकडे झुकलेत आणि मध्ये चारेक मीटरची फट. बोट आत जात नाही. बाहेर थांबते, तुम्ही पोहत आत जायचं.

हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं.

चौघींत पोहता येणारी मी एकटी. कृष्णेकाठच्या विहिरीत, कमरेला सुका भोपळा बांधून, काकांनी ढकलून शिकवलेलं. ते शास्त्र सुंदर नाही पण बुडत नाही. बाकीच्या तिघींनी लाइफ जॅकेटं चढवली आणि एकमेकींचे पट्टे धरून डब्यांसारख्या मागे लागल्या. मी इंजिन. फटीतून जाताना दोन्ही बाजूंना कडा, पाणी एकदम गडद आणि गार, आणि मागून आवाज: “अगं हळू, माझी कुडी पडली!” कुडी मिळाली नाही. 9 मीटर खोल असेल, तळ दिसत होता, कुडी नाही.

आत पोचलो. मोठमोठे पांढरे गोटे, आणि आमच्या चपला बोटीत. चार बायका चार पायांवर किनाऱ्यावर चढल्या. तिथे उन्हात पडलेल्या एका तरुण जोडप्याने टाळ्या वाजवल्या. अजून कुणी आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या असतील तर सासरच्यांनी तरी नाही.

बिशेवोच्या निळ्या गुहेतही गेलो. तीन तास रांग, आत दहा मिनिटं. निळं आहे. जमलं तर जा, नाही गेलात तर काही बिघडत नाही.

अर्धवट प्रवासी (बदलापूर)

ग्रीसच्या झाकिंथोस बेटाचा नावायो किनारा, 1980 साली अडकलेलं ‘पानायोतिस’ जहाज वाळूत गंजत पडलेलं. 2017 ला उतरलो होतो, त्या गंजलेल्या पत्र्याला हात लावून फोटोही काढला. पुढच्या वर्षी कड्याचा तुकडा खाली कोसळला, माणसं जखमी झाली. 2024 ला मुलीला दाखवायला नेलं तर उतरायला पूर्ण बंदी, बोट लांबूनच वळली. मुलगी म्हणाली, “बाबा, तू खोटं सांगत होतास ना?” फोटो दाखवला तरी तिचा विश्वास नाही.

लियाँकर

हा अनुभव बेटाचा म्हणता येईल की नाही माहीत नाही.

बाबा नाशिकहून आले, वय 79. पहिल्या दिवसापासून एकच: मार्सेय. कारण सांगायला नको. जुलैतच आले होते, 8 तारखेच्या आसपास तिकीट मुद्दाम काढलेलं. 1910 साली त्याच दिवशी सावरकरांनी ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून इथे उडी मारली. बाबांची शाळा भगूरजवळच. ही गोष्ट त्यांनी पस्तीस वर्षं वर्गात सांगितलेली, दर वर्षी समुद्र थोडा मोठा होत गेलेला.

जुन्या बंदरातून कालांकला जाणारी बोट घेतली. सव्वातीन तासांची फेरी, कुठेही उतरवत नाहीत. शातो दिफचा तुरुंग मागे टाकला, फ्रिऊलची बेटं गेली, मग पांढऱ्या चुनखडीचे कडे सुरू झाले आणि त्यांच्या भेगांत शिरलेले समुद्राचे हात: सोर्मियू, मोर्जियू, सुजितों, आँ-व्हो. सुजितोंला उन्हाळ्यात आता दिवसाला 400 माणसांनाच परवानगी, तीही आधी नाव नोंदवून. बोट प्रत्येक भेगेत थोडी शिरते, वळते, बाहेर पडते.

बाबा कड्यांकडे बघतच नव्हते. मागे, बंदराकडे बघत होते. शेवटी म्हणाले, “बोट बंदरात उभी होती. मी मुलांना मैल मैल सांगत होतो.” मी म्हटलं, अंतर कमी असलं तरी पोलीस मागे होते, आणि धरून परत इंग्रजांच्या हाती दिलंच. खटला हेगपर्यंत गेला. “ते मला नको सांगू,” म्हणाले. खरं होतं, मला ते त्यांनीच शिकवलेलं.

मोर्जियूच्या भूशिराशी निवेदकाने कोस्केर गुहेचं सांगितलं. आँरी कोस्केर या पाणबुड्याला 1985 मध्ये समुद्राखाली 37 मीटरवर तिचं तोंड सापडलं. लांबलचक चढता बोगदा, आणि वर कोरड्या भागात भिंतीवर घोडे आणि 27 हजार वर्षांपूर्वीचे हातांचे ठसे. तेव्हा समुद्र शंभराहून जास्त मीटर खाली होता, माणसं चालत आत गेली होती. बाबांनी मला दोनदा भाषांतर करायला लावलं. मग खिशातली डायरी काढून 37 आणि 27 असे दोनच आकडे लिहिले.

दुसऱ्या दिवशी फ्रिऊलला गेलो, तिथे उतरता येतं. आदल्या रात्री मिस्त्राल झोडपून गेला होता. हा वारा किनाऱ्याजवळचं वरचं तापलेलं पाणी आत समुद्रात ढकलतो आणि खालचं थंड वर येतं. भर जुलै, कडक ऊन, आणि बाबांनी चप्पल काढून पाण्यात पाय घातला तसा मागे घेतला. “जुलैत इतकं गार?” पुन्हा घातला. धोतर दोन्ही हातांनी वर धरून, डोळे मिटून, घोट्याएवढ्या पाण्यात किती वेळ उभे होते ते मी मोजलं नाही. शेजारी दोन पोरी सेल्फी काढत होत्या, त्या बाजूला सरकल्या.

बाबा मागच्या वर्षी गेले. डायरी माझ्याकडे आहे.

वरोऱ्याची

लियाँकर, वाचून थांबले होते. मग लिहायला घेतलं.

क्रीटमधलं स्पिनालोंगा. आयोस निकोलाओसहून दिवसाची बोट घेतली होती, “बेट, पोहणं आणि जेवण” अशी. बेटावर 1903 ते 1957 कुष्ठरोग्यांची वसाहत होती. मी कॉलेजात असताना सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला दोनदा गेले होते, आनंदवन तर घराजवळच. म्हणून गाइडचं बोलणं सोडून एकटी फिरले. बोगद्यातून आत, मग दुकानांची गल्ली, घरं, चर्च, धुण्याचे हौद. आनंदवनात वस्ती बाहेर वाढत गेली, शेतं, शाळा, कॉलेज. इथे तटबंदीच्या आत जेवढं मावलं तेवढं.

मला जे लागलं ते अंतर. समोरचं प्लाका गाव इतकं जवळ आहे की तिथल्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत होतं. खिडकीतला वाळत घातलेला कपडा दिसत होता. पन्नासहून जास्त वर्षं ही माणसं ते बघत होती.

तिथून बोट कोलोकिथाच्या खाडीत गेली, पोहायला थांबली. लोक धडाधड उड्या मारत होते, कोळशावर मासे भाजत होते. मला उडी मारवेना. पण भूक लागली होती आणि मी जेवले, तेही चांगलं दोनदा वाढून घेऊन. खोटं कशाला सांगू.

सुकती

परत आलो, म्हणून धागा वर काढतेय.

उचाअझहून बोटीने कालेकॉयला गेलो, दोन रात्री राहिलो. आईला बोट लागली नाही, आलेपाकांचे आभार. तिने शवपेटीला लांबूनच नमस्कार केला आणि विचारलं, आत कोणी आहे का. किल्ल्यावर चढली, खडकात कोरलेल्या इवल्याशा नाट्यगृहात बसून पाणी प्यायली. नाटक दशावतारी असतं तर बरं, म्हणाली.

बाबा मात्र आल्यापासून एका कामात. संध्याकाळी धक्क्याशेजारच्या पायऱ्यांवर, पाणी लागतं त्या रेषेवर त्यांनी एक पांढरा खडा ठेवला. बोटवाला दोर गुंडाळत बघत होता. बाबांनी हाताने वर, खाली अशी खूण करून विचारलं. त्याने मान हलवून अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. बाबांचा विश्वास नाही.

पहाटे जाग आली तर खाटेवर बाबा नाहीत. खाली गेले. पायरीवर उकिडवे बसलेले, शेजारी तो बोटवालाही, दोघांच्या हातात चहाचे छोटे ग्लास. खडा जागेवरच होता, फक्त ओला झाला होता.

“चार बोटं,” बाबा मला म्हणाले. “मोजली.”